रात्री नुसतं दूध पितात, तरी अण्णांची सकाळची साखर 170. कामून?

मांजराकाठ (औसा तालुका, जि. लातूर)

राम राम मंडळी. घरात रोज वाद चाललेत म्हणून इथं विचारतोय, कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

आमचे अण्णा, वय 64, वजन 58 किलो. अंगानं वाळके, अजूनही रोज रानात जातात. दोन वर्षांखाली शुगर निघाली. गोळी सकाळी एक आणि रात्री एक, पाकिटावर ग्लिमेपिराइड 1 आणि मेटफॉर्मिन 500 असं छापलंय. मागच्या महिन्यात तीन महिन्यांची साखर (HbA1c) केली ती 8.4 टक्के आली. डॉक्टर म्हणाले सकाळची साखर आटोक्यात आणा.

घरी यंत्र आणलं. आधी रात्रीच्या दोन भाकरींची एक केली. काही फरक नाही. मग अर्धी. आता तर आठ दिवस झाले, रात्री कपभर दूध अन् गोळी, एवढंच. तरी सकाळी उठल्या उठल्या यंत्र दाखवतं 172, 178, 169. दिवसा जेवल्यावर दोन तासांनी 240 च्या पुढं.

आई म्हणते हे रात्री उठून गूळ खातात. दोन-तीनदा उठतात हे खरंय, स्वयंपाकघरात तांब्या-पेल्याचा आवाज येतो. आईनं गुळाची ढेप कोठीत ठेवून कुलूप लावलं. अण्णा विठ्ठलाची शपथ घेऊन सांगतात की पाणी प्यायला उठतो. काल चिडून दुपारचं ताटही सरकवून दिलं आणि ओसरीवर जाऊन बसले. परवा पहाटे त्यांचं बनियन घामानं चिंब झालं होतं, एवढ्या थंडीत. आई म्हणाली, चोरून गूळ खाल्ल्याची उष्णता आहे ही.

पोटात काही गेलंच नाही तर साखर वाढते कुठून? अण्णा खोटं बोलतायत असं मानायला माझं मन धजत नाही.

उदगीरचे सर

गव्हाची पोळी बंद करा, मैदा बंद करा. ज्वारीची भाकर कितीही खाऊ द्या, ज्वारीनं साखर वाढत नाही. आपले आजे-पणजे तीन-तीन भाकरी खायचे, कुणाला शुगर होती? आणि पहाटे पाचला उठून पाच किलोमीटर चालायला लावा, महिन्यात फरक पडतो. मी शाळेत पीटी शिकवतो, स्वतः पाहिलेलं सांगतोय.

राखाडी टोपण (सेलू, जि. परभणी)

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, पण त्याआधी एक तातडीचं.

रात्री ग्लिमेपिराइड (ही गोळी पोट रिकामं असलं तरी साखर उतरवते) घेतलेल्या माणसाला उपाशी झोपवू नका. आज रात्रीपासूनच नका. कडाक्याच्या थंडीत पहाटे बनियन भिजेपर्यंत घाम येणं ही साखर फार खाली गेल्याची खूण असू शकते. आज त्यांना नेहमीसारखं जेवू घाला. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून दोन्ही गोष्टी सांगा: रात्रीचं जेवण बंद केलं होतं, आणि पहाटे घाम आला होता. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, वाढवू तर मुळीच नका. आणि एखाद्या रात्री तीनचा गजर लावून बोटाचं रक्त तपासा. 70 च्या खाली आलं तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अशा वेळी पेढा किंवा दूध देऊ नका, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उतरायला उशीर लागतो. कधी शुद्धच हरपलेली दिसली तर तोंडात काहीही घालू नका, सरळ 108 ला फोन करा.

आता तुमचा प्रश्न. मी सेलूत रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी सात वाजता बाकावर उपाशीपोटी माणसं येऊन बसतात. रिपोर्ट हातात पडला की तुमच्या घरातलाच संवाद माझ्यासमोर होतो. बायको नवऱ्याकडं बघते, सून सासूकडं बघते, आणि म्हातारं माणूस मान खाली घालतं. मला त्या खाली गेलेल्या मानेचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा ते माणूस खरं बोलत असतं.

साखर येते लिव्हरमधून.

निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. एकटा मेंदू तासाला पाचेक ग्रॅम साखर जाळतो, झोपेतसुद्धा. भर पडली नाही तर तासाभरात रक्तातली साखर संपून माणूस बेशुद्ध पडायला हवा. तसं होत नाही, कारण आपण झोपलेलो असताना लिव्हर रक्तात साखर सोडत राहतं. दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण 2 मिलिग्रॅम. अण्णांच्या 58 किलोंचा हिशेब मांडा: तासाला सात ग्रॅम. रात्री दहा ते सकाळी सहा धरले तर पन्नास ग्रॅमांच्या वर साखर त्यांच्या रक्तात पडली, आणि तोंडात एक घासही गेला नाही. तुमच्या रक्तात पडते, माझ्याही पडते. जगायलाच लागते ती.

फ्रान्समध्ये क्लोद बर्नार नावाच्या शास्त्रज्ञाला एकोणिसाव्या शतकात हाच प्रश्न पडला होता. त्यांनी कुत्र्याला नुसतं मांस खाऊ घातलं, साखर नाही, पीठ नाही, तरी लिव्हरमधून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर सापडली. पुढं 1857 मध्ये त्यांनी लिव्हरमधला तो साठाही वेगळा करून दाखवला. त्याला ग्लायकोजन म्हणतात. जेवणानंतर जास्तीची साखर लिव्हर असा साठवून ठेवतं, साधारण शंभर ग्रॅमपर्यंत. तो उतरत आला की लिव्हर स्नायूंतल्या प्रथिनांपासून, चरबीतल्या ग्लिसरॉलपासून, थकलेल्या स्नायूंतून येणाऱ्या लॅक्टिक ॲसिडपासून नवी साखर तयार करतं.

मग निरोगी माणसाची सकाळची साखर 100 च्या आत कशी राहते? तिथं इन्सुलिन येतं. तुम्ही शेतकरी आहात, म्हणून तुमच्याच कामातलं सांगते. रात्रीच्या लाइटीत पाण्याला दारं धरायला माणूस उभा असतो. पाणी येत असतं, तो लागेल तेवढंच वाफ्यात सोडतो, भरलं की दारं मोडतो. लिव्हरपुढं इन्सुलिन हे काम करतं. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींतून निघालेलं इन्सुलिन अंगभर जायच्या आधी थेट लिव्हरमध्येच जातं, आणि त्यातलं जवळपास निम्मं तिथंच खर्च होतं. इतका लिव्हरवरचा ताबा महत्त्वाचा आहे. ‘पुरे, थांब’ हा निरोप त्यातून मिळतो. उलट ‘आता सोड’ हा निरोप ग्लुकागॉन देतं, ते शेजारच्याच अल्फा पेशींतून येतं.

अण्णांच्या शुगरमध्ये दोन गोष्टी बिघडल्यात. लिव्हरला इन्सुलिनचा निरोप नीट ऐकू येत नाही, आणि बीटा पेशीही आता पहिल्यासारखं इन्सुलिन देत नाहीत. त्यात ग्लुकागॉन, जे जेवणानंतर गप्प बसायला हवं, ते बोलतच राहतं. म्हणून लिव्हर सात ग्रॅमांच्या जागी जास्त सोडतं, आणि सोडलेली साखर रक्तातच पडून राहते.

वरून पहाट. पहाटे तीन ते आठच्या सुमारास शरीर उठायची तयारी करतं. ग्रोथ हार्मोन रात्री वाढलेलं असतं, कॉर्टिसॉल पहाटे वाढतं. दोन्ही लिव्हरला साखर सोडायला लावतात. निरोगी माणसाचं स्वादुपिंड त्याच वेळी थोडं जास्त इन्सुलिन सोडून हिशेब बरोबर करतं. शुगरच्या माणसाला ते जमत नाही, म्हणून झोपताना 140 असलेली साखर उठताना 170 होते. डॉक्टर याला डॉन फेनॉमेनन, म्हणजे पहाटेची वाढ, म्हणतात.

म्हणून भाकर दोनाची एक, एकीची अर्धी करून सकाळचा आकडा हलला नाही. तुम्ही ताट कमी करत गेलात आणि साखर ताटातून येतच नव्हती. मेटफॉर्मिनचं मुख्य काम लिव्हरकडून येणारी साखर कमी करणं हेच आहे. त्यामुळं मात्रा किती, वेळ कोणती, हे डॉक्टरांनी पाहायचं. तुम्ही फक्त त्यांना खरे आकडे द्या.

उपाशी ठेवण्याचा आणखी एक तोटा आहे. 58 किलोंच्या माणसाला रोज रात्री उपाशी ठेवलं तर लिव्हर साखर करायला त्याच्या स्नायूंतून प्रथिनं ओढतं. जेवणानंतरची साखर सामावून घेणारी अंगातली सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू. ते झिजले तर दुपारचे 240 पुढं 260 होतील. त्यांना रात्री भाकर द्या, सोबत वरण किंवा बेसन द्या, मेथी-पालकाची भाजी द्या.

आता रात्रीच्या तांब्या-पेल्याबद्दल. मूत्रपिंडं रोज गाळलेल्या लघवीतली साखर परत रक्तात ओढून घेतात. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की त्यांना सगळी ओढता येत नाही, उरलेली लघवीत उतरते आणि स्वतःबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून लघवीला जास्त होतं, म्हणून घसा कोरडा पडतो, म्हणून माणूस रात्री उठून घागरीकडं जातं. तुमच्या अण्णांची दिवसाची साखर 240 च्या पुढं आहे, तर ते पाणी प्यायलाच उठत असणार. (वय 64 आहे, प्रोस्टेटचंही असू शकतं. रात्री किती वेळा उठावं लागतं तेही डॉक्टरांना सांगा.)

एवढं आईंना वाचून दाखवा. गूळ कुठंही असू द्या, पण अण्णांशी बोला. घरचेच चोर म्हणू लागले की माणूस तपासणीलाच येईनासा होतो. अशी माणसं मी पाहिलीत, ती परत लॅबमध्ये येतात ते पायाची जखम चिघळल्यावर.

सर, तुमच्या चालण्याशी मी सहमत आहे, ज्वारीशी नाही. ज्वारी चांगली, आपल्या मातीतली. पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 70 ग्रॅम कर्बोदकं असतात. बरीचशी स्टार्च, आणि स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्याच लांब साखळ्या, पोटात तुटतात आणि ग्लुकोजच होतात. आपल्याकडची हातावर थापलेली मोठी भाकर 80 ग्रॅम पिठाची असते, कधी शंभरचीही. म्हणून ‘कितीही खा’ हे शुगरच्या माणसाला सांगू नका. एक खा, दीड खा, मोजून खा. आणि ग्लिमेपिराइड घेणाऱ्या माणसानं पहाटे पाचला उपाशीपोटी पाच किलोमीटर जाणंही धोक्याचं आहे. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चाललेलं त्यांना जास्त उपयोगी पडेल.

बीडची सून

ताई, माझा पण एक प्रश्न. शुगर जाड माणसांचा रोग ना? माझे सासरे ऊसतोडीला जायचे, उभी हयात मोळ्या वाहिल्या, अंगावर मांस नाही, आणि पन्नाशीत शुगर. गावातले लोक म्हणतात, एवढ्या वाळक्याला शुगर होतच नाही, लॅबवाल्यांची चूक आहे.

राखाडी टोपण (सेलू, जि. परभणी)

वाळक्या माणसाला शुगर होते, आपल्या देशात तर बरीच होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघंही उभे, दोघांचा उंचीच्या मानानं वजनाचा आकडा सारखाच, 22.3. पण मशीनमध्ये मोजलं तर युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. वरून सारखे दिसणारे दोन देह आतून इतके वेगळे. आपल्याकडं बाळ जन्मतं तेच कमी वजनाचं, स्नायू कमी आणि त्या मानानं चरबी जास्त घेऊन. पुढं ती चरबी पोटाच्या आत, लिव्हरभोवती साठते. हातापायाच्या काड्या असतात आणि इन्सुलिनचा निरोप लिव्हरपर्यंत पोचत नाही. काटा पाहून हे कळत नाही, रक्त तपासल्यावरच कळतं.

एक रिपोर्ट पटत नसेल तर दुसऱ्या दिवशी परत तपासणी करावी, त्यात गैर काही नाही. उपाशीपोटीची 126 किंवा जास्त, किंवा तीन महिन्यांची 6.5 किंवा जास्त, आणि लक्षणं नसतील तर ती पुन्हा तपासून खात्री करून मगच शुगर ठरवतात. 

लॅबमध्ये गेल्यावर तुमचं रक्त राखाडी टोपणाच्या नळीत घेतलं का, एवढं मात्र बघत जा. नळीत आल्यावरही रक्तपेशी जिवंतच असतात, साखर खात राहतात, तासाला पाच ते सात टक्के. त्या नळीत फ्लोराइड असतं, ते हे खाणं रोखतं, पण पूर्ण रोखायला त्यालाही तास-दोन तास लागतात. तालुक्याच्या गावाहून नमुने जिल्ह्याला जातात तेव्हा वाटेत बरेच तास सहज मोडतात. साध्या नळीत पाठवलं तर साखर असते त्याहून कमी निघते आणि घरचे खूश होतात. आपल्या बायकांच्या बाबतीत आणखी एक: रक्तात लोह कमी असेल तर तीन महिन्यांची साखर खरीपेक्षा जास्त दिसू शकते, म्हणून सोबत हिमोग्लोबिनही करावं.

उदगीरचे सर

ताई, पिठाचा हिशेब घरी वजनकाट्यावर करून पाहिला. आमच्या घरची भाकर 95 ग्रॅम पिठाची निघाली. दोन खातो मी. रविवारी मीच तपासणी करून घेणार आहे.

मांजराकाठ (औसा तालुका, जि. लातूर)

ताई, तुमचं लिहिलेलं सगळं आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण रात्री अण्णांच्या ताटात भाकर, मेथीची भाजी आणि वरण वाढलं. त्या आधीची हकीगत सांगायची राहिली. तुमचं उत्तर आलं त्या दिवशी मी उशिरा वाचलं, तोवर अण्णा दूध अन् गोळी घेऊन झोपले होते. तीनला उठवून बोटातून रक्त काढलं तर 61. अंगाला हात लावला तर गार, आणि कपाळावर घाम. हात थरथरत होते, विचारलं ते कळायलाही त्यांना वेळ लागत होता. साखरेचं पाणी दिलं, पंधरा मिनिटांनी 88, मग थोडी भाकर खाल्ली. सकाळी 181.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी रात्रीची जोडगोळी काढून टाकली. रात्री जेवणासोबत आता नुसती मेटफॉर्मिन आहे, तीही हळूहळू वाढवू म्हणाले. ग्लिमेपिराइड फक्त सकाळी, न्याहारीच्या आधी. आता रोज रात्री एक भाकर खातात. काल झोपताना 152, तीनला 129, सकाळी 154. घाम नाही.

दोन गोष्टी कळल्या नाहीत. त्या रात्री 61 वरून सकाळी 181 झाली ती आमच्या साखरेच्या पाण्यानं, की लिव्हरनं? आणि शरीर एवढं हुशार आहे तर 61 होईपर्यंत ते गप्प का बसलं?

राखाडी टोपण (सेलू, जि. परभणी)

दादा, त्या रात्री तुम्ही उठलात हे फार मोठं केलंत.

181 मध्ये दोन्हींचा वाटा असणार, किती कुणाचा ते सांगता येत नाही. साखर खाली गेली की शरीर ग्लुकागॉन आणि ॲड्रेनलिन सोडतं, मागून कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोनही येतात. थरथर, घाम, छातीत धडधड हे सगळं ॲड्रेनलिनचं काम. लिव्हरला जोरात हाक जाते आणि ते साखर ओततं. त्यात तुमचं साखरेचं पाणी आणि भाकर. रात्री साखर पडून सकाळी उसळते असं पूर्वी सर्रास मानलं जायचं. सतत साखर मोजणारी यंत्रं दंडावर लावून पाहिल्यावर मात्र दिसलं की असं क्वचितच घडतं, सकाळच्या जास्त साखरेमागं बहुतेक वेळा पहाटेची वाढच असते. तुमचे कालचे आकडेही तेच सांगतात. तीनला 129, सकाळी 154. मधे काहीच खाल्लेलं नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोळीत आहे. बीटा पेशी साखर कशी ओळखते ते बघा. ग्लुकोज पेशीत शिरतं, जळतं, त्यातून ऊर्जा तयार होते. ऊर्जा वाढली की पेशीच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर जायची वाट बंद होते. त्यामुळं विजेचा भार बदलतो, कॅल्शियम आत येतं, आणि इन्सुलिनच्या भरलेल्या पिशव्या बाहेर रित्या होतात. साखर कमी झाली की ऊर्जा कमी, वाट उघडी, इन्सुलिन बंद. इतकं नेटकं आहे ते. ग्लिमेपिराइड पोटॅशियमची ती वाट स्वतःच बंद करते, रक्तात साखर किती आहे ते न बघता. म्हणून पोटात जेवण असेल तर ती चांगलं काम करते, आणि पोट रिकामं असेल तरी इन्सुलिन सोडायला लावतेच. अण्णांचं शरीर गप्प बसलं नव्हतं. एकीकडून लिव्हर साखर सोडत होतं आणि दुसरीकडून गोळी इन्सुलिन सोडायला लावत होती, त्या ओढाताणीत इन्सुलिन वरचढ ठरलं. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्या माणसाची साखर अशी सहसा पडत नाही.

एकादशीला अण्णा उपास धरतात का, ते डॉक्टरांना जरूर विचारून घ्या. सकाळची गोळी घेऊन दिवसभर निरंकार राहिले तर दिवसाही हेच होईल. आणि साबुदाणा खाऊन उपास केला तर साखर उलट्या बाजूला जाईल.

मांजराकाठ (औसा तालुका, जि. लातूर)

एकादशी धरतात, महिन्यातल्या दोन्ही. विचारतो डॉक्टरांना. ताई, आता येळवस (वेळ अमावस्या) आलीय तोंडावर. रानात कडब्याची कोप (खोपटं) करून सगळा गोतावळा जेवायला असतो. अंबील, भज्जी, पिठाचे उंडे, गव्हाची खीर. अण्णांनी आतापासून सांगून ठेवलंय, मी त्या दिवशी घरी बसणार, कुणाच्या नजरा नकोत. काय करू?

राखाडी टोपण (सेलू, जि. परभणी)

त्यांना रानात घेऊन जा, पूजा त्यांच्याच हातची होऊ द्या.

भज्जी पोटभर खाऊ द्या. तीत तूर, हरभरा, वाटाणा, पालेभाजी सगळं आहे, आणि सगळ्यात आधी तीच खाऊ द्या. भाजी आणि डाळ पोटात आधी गेली, पीठ मागून गेलं, तर साखर चढायचा वेग कमी होतो. मग एकच उंडा. अंबिलीचा एक पेला, पण ती ज्वारीच्या पिठाचीच असते, म्हणून तो पेला अर्ध्या भाकरीत धरा आणि उंडा त्या मानानं लहान घ्या. खीर दोन चमचे, चवीपुरती. सकाळची गोळी आणि न्याहारी नेहमीच्या वेळेलाच, रानातलं जेवण उशिरा होणार असेल तर मधे फुटाणे खाऊ द्या, खिशात साखरेची पुडी ठेवा.

जेवण झाल्यावर सगळे कोपीत आडवे होतात, तेव्हा अण्णांना घेऊन बांधाबांधानं अर्धा तास फिरा, ज्वारी कशी निसवलीय ते बघत. चालताना पायाचे स्नायू आकसतात तेव्हा साखर आत घेणारी प्रथिनं इन्सुलिनची वाट न बघता पेशींच्या आवरणावर येतात. लिव्हर आणि इन्सुलिन यांचं जमत नसलं तरी ही वाट अण्णांच्या अंगात अजून चालू आहे. यंत्र सोबत न्या, जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी मोजा, आणि जो आकडा येईल तो इथं लिहा.